वाचकांचे प्रश्न : पाचट, कुटार, तणस, पऱ्हाटी यांचा जमाखर्च

पीक निघाल्यावर शेतात जे उरते (उसाची वाळकी पाने म्हणजे पाचट, सोयाबीनच्या मळणीतला भुसा म्हणजे कुटार, धानाचे काड म्हणजे तणस, कापूस वेचल्यावर उरलेली झाडे म्हणजे पऱ्हाटी) त्याचे काय करायचे, याबद्दल आलेल्या पत्रांतील काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. बहुतेकांनी आपापल्या भागातील मजुरी आणि भाड्याचे दर कळवले होते. हिशेब त्याच दरांवर मांडले आहेत. तुमचे दर वेगळे असतील तर आकडे बदलून पाहा, रीत तीच राहील.

प्रश्न : उसाचा खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांना, म्हणजे खुंटांना, फुटून येणारे पुढचे पीक) ठेवतो. पाचट पेटवले की काडीपेटीच्या एका काडीत काम होते. पाचट ठेवा, एकरी हजारो रुपयांचे खत मिळते, असे मेळाव्यात सांगतात. खरेच इतके मिळते का? आमच्याकडे पुरुष मजुरी ४०० आणि स्त्री मजुरी २५० रुपये आहे.
— ऊस उत्पादक, माळशिरस (जि. सोलापूर)

उत्तर : खत मिळते, पण मेळाव्यात सांगतात तेवढे नाही. फायदा खरा आहे, फक्त तो वेगळ्या जागी आहे.

आधी खताचेच पाहू. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघते. ८ टन धरले तर एकरी ३.२ टन. त्यात नत्र (नायट्रोजन) सुमारे ०.५ टक्के, स्फुरद (फॉस्फरस) ०.२ टक्के, पालाश (पोटॅश) ०.७ ते १ टक्का. म्हणजे एकरी साधारण १६ किलो नत्र, साडेसहा किलो स्फुरद, २५ किलो पालाश. युरियाचे ४५ किलोचे पोते २६६ रुपये ५० पैशांना मिळते, त्यातील नत्र किलोला १३ रुपयांच्या आत पडते. तेव्हा १६ किलो नत्राचे झाले २०० रुपये! डीएपी या नत्र-स्फुरदाच्या खताच्या १,३५० रुपयांच्या पोत्यावरून स्फुरद किलोला ५४ रुपये पडते, त्याचे साडेतीनशे. पोटॅशचे पोते १,७०० रुपयांना धरले तर पालाशाचे १,४५०. एकूण दोन हजार.

आता यातली मेख. पाचट जाळल्यावर नत्र जवळजवळ सगळे उडते, पण पालाश बऱ्याच अंशी राखेत राहते. ती राख वाऱ्याने आणि पहिल्या पाण्याने इकडेतिकडे जाते हे खरे, तरी जाळणाऱ्याचे दोन हजार बुडाले असे म्हणता येत नाही. जमेच्या बाजूला निम्मे, म्हणजे १,००० रुपये धरा.

मोठी बचत मशागतीत आहे. पाचट ठेवलेल्या खोडव्यात बगला फोडणे (सरीच्या कडा मोकळ्या करणे) आणि बांधणी (उसाला मातीची भर देणे) दोन्ही टळतात. पॉवर टिलरने त्याचे एकरी अडीच हजार धरले आहेत. पाचटाखाली तण दबते, त्यामुळे सहा-सहा बायांच्या दोन खुरपण्या वाचतात : ३,००० रुपये. जमा झाली ६,५००.

खर्च असा. पाचट सरीत ओढून बुडखे उघडे करायला तीन मजूर, १,२००. युरिया ३२ किलो, १९०. पाचट कुजविणारे जिवाणू संवर्धन ४ किलो, सुमारे ४००. खत फेकून न देता पहारीने द्यावे लागते, त्याला दोन हप्त्यांत मिळून सहा मजूर जास्त लागतात, २,४००. बेरीज ४,१९०. बुडखे छाटणीचा खर्च धरलेला नाही, कारण पाचट जाळले तरी छाटणी करावीच लागते. एकरी ४० किलो सिंगल सुपर फॉस्फेट पाचटावर टाकायचे असते, तेही धरले नाही. ते खोडव्याच्या शिफारशीतल्या मात्रेतूनच वळते करायचे.

राहिले एकरी २,३०० रुपये. पाण्याचा पैसा यात नाही. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाला २०२४ पासून वीजबिल माफ आहे, त्यामुळे पाण्याची पाळी वाचली तरी खिशात काही पडत नाही. पण एप्रिल-मे महिन्यांत विहिरीचे पाणी मोजकेच असते आणि वीजही ठरावीक तास. आच्छादनामुळे दोन पाळ्यांमधले अंतर वाढते आणि वाचलेले पाणी दुसऱ्या तुकड्याला देता येते. ज्याची विहीर उन्हाळ्यात तळ गाठते, त्याच्यासाठी हाच सर्वांत मोठा फायदा. बारमाही कालव्यावरच्या शेतकऱ्याला तो फारसा जाणवणार नाही.

करण्याची पद्धत. तोडणी जमिनीलगत करून घ्या. वाढे (उसाचे हिरवे शेंडे) गेल्यावर पाचट सरीत दाबा आणि बुडख्यांवरचे बाजूला करा. उरलेले बुडखे धारदार कोयत्याने जमिनीसरशी छाटा. पाचटावर युरिया आणि सुपर फॉस्फेट पसरा, संवर्धन शेणखतात मिसळून टाका आणि पाणी द्या. खोडव्याच्या खताचा पहिला हप्ता १५ दिवसांच्या आत : बुडख्यापासून १० ते १५ सें.मी. अंतरावर, १५ ते २० सें.मी. खोल, दर फुटावर पहारीने भोक पाडून खत टाकायचे आणि भोक बुजवायचे. दुसरा हप्ता १२० ते १३५ दिवसांनी सरीच्या विरुद्ध बाजूने.

चुकते कुठे? बहुतेकदा मजूर वाचवण्यासाठी सगळा युरिया पाचटावर फेकला जातो. तो जिवाणू आणि हवा खातात, उसाला पोचत नाही, महिन्याभरात खोडवा पिवळा पडतो आणि दोष पाचटाला जातो. दुसरी चूक म्हणजे बुडख्यावर पाचटाचा थर राहणे. ऊन न लागल्याने फुटवे कमी येतात. शेजारी जाळणारा असेल तर बांधालगत पाच-सहा फुटांचा पट्टा मोकळा ठेवा. आणि आधीच्या पिकात काणी किंवा गवताळ वाढ हे रोग जास्त असतील तर पाचटाचा विचार बाजूला ठेवून खोडवाच मोडा.

प्रश्न : डिकंपोझर (काड कुजवणाऱ्या जिवाणू-बुरशीचे द्रावण) फवारला. दीड महिना झाला तरी पाचट तसेच आहे. माल खोटा होता का?
— वाचक, श्रीगोंदा (जि. अहिल्यानगर)

उत्तर : मालाला दोष देण्याआधी तीन गोष्टी तपासा. पहिली ओल. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात वरवर पडलेले कोरडे पाचट कोणत्याही बुरशीने कुजत नाही. दुसरी नत्र. काडात कर्ब (कार्बन) भरपूर असतो आणि नत्र नगण्य. टनभर काडात ४०० किलो कर्ब आणि ५ किलो नत्र असते. ते ३०:१ या प्रमाणावर आणायचे म्हणजे आणखी ८ किलो नत्र, म्हणजे टनाला १७-१८ किलो युरिया लागतो. आच्छादन हळूहळू कुजले तरी चालते, म्हणून पाचटाला त्याच्या निम्माच सांगतात. पण नत्र अजिबात न देता नुसते संवर्धन फवारले, तर जिवाणू जमिनीतले नत्र ओढतात किंवा गप्प बसतात. तिसरी गोष्ट मातीचा स्पर्श. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे ‘पुसा डिकंपोझर’ हे भाताच्या काडासाठी पुढे आले : चार कॅप्सूल, गूळ आणि बेसन यांपासून २५ लिटर द्रावण, एक हेक्टरला. तिथेही फवारणीनंतर काड मातीत मिसळतात, रान ओलवतात आणि तीनेक आठवडे थांबतात. नुसती फवारणी करून सोडून देणे हा त्या पद्धतीचा अर्धाच भाग आहे.

आताही पाणी देण्याआधी एकरी ३० किलो युरिया पाचटावर पसरून पाहा. त्यानेही हालचाल नसेल, तर मग मालाबद्दल बोलू.

प्रश्न : मळणी झाली की व्यापारी सोयाबीनचे कुटार जागेवरून उचलतो, क्विंटलला १५० रुपये देतो. विकावे की रानात टाकावे? गावात कुणी म्हणते विकणे म्हणजे जमीन विकणे.
— वाचक, रिसोड (जि. वाशिम)

उत्तर : इतके टोकाला जायचे कारण नाही. सोयाबीनचा पाला काढणीच्या आधीच शेतात गळून पडतो, धसकटे आणि मुळेही तिथेच राहतात. तुमच्या हाती येते ते खोड आणि शेंगांची टरफले. कुटारात नत्र आणि पालाश प्रत्येकी साधारण १ टक्का धरा. क्विंटलमागे एक किलो नत्राचे १३ रुपये, एक किलो पालाशाचे ५५ ते ५७, स्फुरदाचे दहा-अकरा. म्हणजे ८० रुपयांच्या आसपास. सेंद्रिय कर्बाची पोत्यात किंमत लागत नाही, तरी त्याचे म्हणून क्विंटलला ३०-४० रुपये धरले तरी १२०. जागेवर १५० मिळत असतील तर विकणे तोट्याचे नाही. १०० च्या खाली भाव आला की रानात टाका.

मात्र दोन अटी. विकलेल्या कुटारातून गेलेले पालाश पुढच्या हंगामात पोत्यातून परत द्यायचे. ते दिले नाही तर गावकऱ्यांचे म्हणणे खरे ठरते. आणि घरी जनावरे असतील तर आधी त्यांच्या वर्षाचे कुटार बाजूला काढा. दिवाळीत १५० ने विकून मेमध्ये दुप्पट भावाने विकत घेणारे कमी नाहीत.

मळणीच्या वेळी पाऊस झाला असेल, कुटार काळपट पडून कुबट वास येत असेल, तर ते जनावरांना घालू नका. बुरशीच्या विषाने दूध घटते, गाभण जनावर गाभडू शकते. असे कुटार खड्ड्यातच जाऊ द्या. नाडेप टाकेही चालेल. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांची ही पद्धत आहे : १० × ६ × ३ फुटांचे जाळीदार विटांचे टाके, १,४०० ते १,५०० किलो काडीकचरा, ९० ते १०० किलो शेण, सुमारे १,७५० किलो चाळलेली माती, दीड ते दोन हजार लिटर पाणी. तीन-चार महिन्यांत तीनेक टन खत निघते. त्यात निम्म्याहून जास्त वजन मातीचे असते, हे भाव करताना विसरू नका. मजुरी लावून भरायचे झाले तर विकत घेतलेल्या शेणखतापेक्षा ते स्वस्त पडतेच असे नाही. घरची माणसे असतील तरच जमते.

प्रश्न : पऱ्हाटी उपटून बांधावर रचतो. आता पेलेट (काडी दाबून केलेल्या जळणाच्या गोळ्या) बनवणारा कारखाना टनाला २,५०० रुपये देतो म्हणतो, पण कारखान्यात पोचवून. अंतर ३० किलोमीटर. ट्रॉलीचे भाडे २,००० आणि उपटणी-गोळा करणे एकरी १,२०० लागते. श्रेडरवाला (उभी पऱ्हाटी शेतातच बारीक करणाऱ्या यंत्राचा मालक) एकरी १,५०० मागतो.
— कापूस उत्पादक, राळेगाव (जि. यवतमाळ)

उत्तर : कागदावर हा व्यवहार असा दिसतो : कोरडवाहू एकरातून टनभर पऱ्हाटी, मिळणार २,५००, खर्च ३,२००. म्हणजे इथेच ७०० चा तोटा. ‘उपटावे तर लागतेच, मग तो खर्च कशाला धरता?’ असे तुम्ही म्हणाल. श्रेडर फिरवला तर उपटावे लागत नाही, म्हणून तो धरायलाच हवा.

पुढची अडचण ओलाव्याची. नुकत्या उपटलेल्या पऱ्हाटीत ४५ टक्के पाणी असले आणि कारखान्याला १५ टक्के हवे असले, तर हजार किलोचे ६४७ किलो उरतात. २,५०० चे झाले १,६०० आणि तोटा गेला सुमारे १,६०० वर. सौदा करताना दर ओल्याचा की वाळल्याचा आणि ओलावा कोण, कसा मोजणार, हे आधी लिहून घ्या. बहुतेक भांडणे इथेच होतात. शिवाय सुटी पऱ्हाटी ट्रॉलीत जागा खाते. ट्रॉली भरली असे दिसले तरी टन भरेलच असे नाही.

वाळवण्यासाठी बांधावर ढीग ठेवावा, तर गुलाबी बोंडअळी. न फुटलेल्या किडक्या बोंडांत ती सुप्तावस्थेत राहते आणि पुढच्या हंगामात तुमच्याच शेतावर येते. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे सांगणे आहे की डिसेंबरअखेर कापूस संपवावा, फरदड (मुख्य वेचणीनंतर तेच पीक राखून पुन्हा कापूस घेणे) घेऊ नये आणि ढीग शेताजवळ ठेवू नयेत. बांधावरची पऱ्हाटी फुकटचे सरपण वाटते, पण पुढच्या वर्षी फवारणी वाढली तर ते सरपण गॅसच्या टाकीपेक्षा महाग पडते.

म्हणून तुमच्या आकड्यांवर श्रेडर सरस ठरतो : १,५०० रुपये खर्च, उपटणी नाही, वाहतूक नाही, बोंडे चिरडली जातात आणि टनभर काडी रानात राहते. त्याआधी शेळ्या-मेंढ्या किंवा जनावरे सोडून हिरवी बोंडे खाऊ द्या. श्रेडरने कापलेले तुकडे बोटभर, म्हणजे दोन-तीन इंचांच्या आत असावेत. लांब राहिले तर पेरणीच्या वेळी तिफणीत अडकतात. पऱ्हाटीचे लाकूड कडक असते, पावसाळ्यापर्यंत पुरते कुजत नाही. म्हणून त्या रानात पुढे सोयाबीन किंवा तूर घ्या. ज्वारी-मका घेतल्यास पेरणीबरोबरच्या नत्रात १० किलोची वाढ करा.

कारखान्याला खरोखर माल हवा असेल, तर त्याने फिरते चिपर यंत्र शेतावर आणावे. तुकडे लवकर वाळतात, ट्रॉलीत जास्त बसतात आणि अळीही मरते. पंधरा-वीस शेतकऱ्यांनी मिळून शंभर एकरांची बोली केली तर हे शक्य आहे. एकट्याच्या पाच एकरांसाठी कुणी येणार नाही. औष्णिक वीज केंद्रांना कोळशात ठरावीक टक्के बायोमास पेलेट मिसळणे केंद्राने सक्तीचे केले आहे, त्यामुळे मागणी आहे. पण ती पेलेटला आहे, बांधावरच्या काडीला नाही. मधला खर्च कोण उचलतो यावरच तुमचा भाव ठरतो.

प्रश्न : धानाचे तणस भरपूर आहे, दोन गाई आहेत. युरिया प्रक्रिया परवडते का? भीतीही वाटते.
— वाचक, सडक अर्जुनी (जि. गोंदिया)

उत्तर : १०० किलो तणसाला ४ किलो युरिया लागतो, म्हणजे २४ रुपये. प्लास्टिकचा कागद तीन-चार वेळा वापरता येतो. तणसातली प्रथिने ३-४ टक्क्यांवरून ७-८ टक्क्यांपर्यंत जातात आणि गाय ते जास्त खाते. ढेपेचा खर्च थोडा कमी करता येतो. एवढ्या कमी पैशात चाऱ्याची प्रत सुधारणारा दुसरा उपाय नाही.

४ किलो युरिया ४० ते ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवा. एकही खडा राहता कामा नये. तणसाचा वीतभर थर पसरा, झारीने द्रावण सारखे शिंपडा, पायाने दाबा, वर दुसरा थर. शेवटी प्लास्टिक अंथरून कडा मातीने लिंपून बंद करा. २१ दिवस उघडायचे नाही. मग एका बाजूने रोजच्यापुरते काढा आणि तासभर पसरून ठेवा, म्हणजे अमोनियाचा उग्र वास उडतो. तणस पिवळसर-तपकिरी झाले असेल तर प्रक्रिया साधली. पांढरी-काळी बुरशी दिसली तर हवा शिरली, तेवढा भाग फेकून द्या.

भीती वाटते ती योग्य जागी ठेवा. धोका प्रक्रिया झालेल्या तणसात नसून युरियाच्या पाण्यात आहे. गाईने बादलीतले द्रावण प्यायले तर तासा-दोन तासांत दगावू शकते. म्हणून काम गोठ्यापासून दूर करा आणि भांडी लगेच धुवा. पहिल्या आठवड्यात साध्या तणसात थोडे थोडे मिसळत प्रमाण वाढवा. सहा महिन्यांखालील वासरांना देऊ नका. आजारी किंवा उपाशी जनावराला पहिल्यांदाच पोटभर घालू नका. तणसातले कॅल्शियम अंगी लागत नाही, म्हणून रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण द्या.

प्रश्न : काड जाळल्यास तीस हजार दंड, असा संदेश मोबाइलवर फिरतो आहे. आपल्याला लागू आहे का?
— वाचक, निफाड (जि. नाशिक)

उत्तर : दोन एकरांपर्यंत ५,०००, दोन ते पाच एकरांना १०,००० आणि त्यावर ३०,००० ही आकारणी दिल्ली राजधानी क्षेत्र आणि लगतच्या भागांसाठी आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये ती दुप्पट झाली. ती महाराष्ट्राची नाही. पण तुमची आग शेजाऱ्याच्या द्राक्षबागेत किंवा ठिबकच्या नळ्यांवर गेली तर भरपाई आणि गुन्हा दोन्ही अंगावर येतात, त्याला दिल्लीचा आदेश लागत नाही.

प्रश्न : आमच्या बारा जणांच्या गटाने मल्चर (पाचट शेतातच बारीक करणारे ट्रॅक्टरचे यंत्र) घ्यावा की भाड्याने आणावा? किंमत दोन लाख, भाडे एकरी २,०००. अनुदान मिळाले तर?
— शेतकरी गट, शिरोळ (जि. कोल्हापूर)

उत्तर : दोन लाखांचे यंत्र आठ वर्षे चालून शेवटी ४० हजारांना गेले, तर घसारा वर्षाला २०,०००. सरासरी गुंतवणूक १ लाख २० हजार, तिच्यावर १० टक्के व्याज १२,०००. शेड, किरकोळ दुरुस्ती ५,०००. यंत्र उभे राहिले तरी वर्षाला ३७,००० लागणार. चालवताना एकराला तासभर लागतो. डिझेल ६०० च्या आसपास, चालक १२५, पाती-ग्रीस १५०, ट्रॅक्टरची झीज २००, मिळून १,०७५. भाड्यातून उरतात ९२५. म्हणजे वर्षाला ४० एकर चालले तर बरोबरी. ५० टक्के अनुदान मिळाले तर उभा खर्च १९,५०० वर येतो आणि २१ एकरांत बरोबरी होते. बारा जणांचा मिळून ३०-३५ एकर ऊस असेल, तर अनुदानाशिवाय घेऊ नका. घेतला तर बाहेरची दहा-पंधरा एकर कामे आधी पक्की करा. उसाची तोडणी चार-पाच महिने चालते, त्यामुळे कामाचे दिवस मिळतात. सोयाबीन-गव्हाच्या पट्ट्यात तीन आठवड्यांत सगळ्यांना यंत्र एकदमच हवे असते, तिथे हा हिशेब टिकत नाही.

४५-५० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर लागतो, पीटीओ (यंत्र फिरवणारा ट्रॅक्टरच्या मागचा दांडा) मिनिटाला ५४० फेऱ्यांवर. दव असताना पाचट चिवट होऊन रोटरला गुंडाळते, म्हणून सकाळी दहानंतर चालवा. ठिबकच्या नळ्या आधी गुंडाळून घ्या. एक तुकडा राहिला तरी तो बेअरिंगपाशी अडकून सील फाडतो. पाते तुटले की समोरचेही त्याच वजनाचे बदला. एकच बदलल्यास रोटरचा तोल जातो, यंत्र थरथरते आणि काही दिवसांत बेअरिंग जाते. दुरुस्तीची निम्मी बिले यातूनच येतात. उंची अशी ठेवा की पाती मातीला लागणार नाहीत. पट्टे सैल झाले तर जळका वास येतो, तेव्हा लगेच थांबून ताण द्या.

अनुदानासाठी महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करा. अल्प-अत्यल्पभूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातींना ५० टक्के, इतरांना ४० टक्के, यंत्रानुसार ठरलेल्या कमाल मर्यादेत. पूर्वसंमती हातात येईपर्यंत विक्रेत्याला पैसे देऊ नका. त्याआधीच्या तारखेचे बिल असेल तर प्रस्ताव परत येतो.